एकदाच सांगायचं

६ जानेवारी

आले एकदाची! दोन बॅगा, रेकॉर्डर, हेडफोन आणि आईने बळेबळे कोंबलेली शाल एवढा संसार घेऊन स्टेशनवर उतरले, तर न्यायला कुणीही नाही. मला इथे बोलावणाऱ्या थिएटर बचाव मंडळाच्या अध्यक्षबाईंना फोन केला. म्हणाल्या, सरळ चालत या, आणि थिएटर दिसलं नाही तर आधी डोळे तपासून घ्या. बाई कशा आहेत ते तिथेच कळलं. पण त्यांचं खरं होतं. वळण घेतलं आणि रस्त्याच्या टोकाला ते समोर उभं! एवढ्याशा गावाला एवढं थोरलं थिएटर कुणाच्या डोक्यातून निघालं असेल देव जाणे. बाहेर गोल खांब, वर दोन दगडी बायका, त्यातल्या एकीचं नाक गेलेलं. आत रुंद जिना, पितळी कठडे, लाल मखमलीच्या खुर्च्या, बाल्कनी, आणि डोक्यावर घुमटासारखं छत, त्यावर सोनेरी वर्खाच्या वेली. म्हणजे एके काळी होत्या. आता छताला ओल आली आहे, वर्खाचे पापुद्रे गळताहेत, आणि मखमलीवर उंदरांनी मनसोक्त ताव मारला आहे. कित्येक वर्षांत इथे सिनेमा लागलेला नाही.

थिएटर पाडून तिथे गाड्या लावायची इमारत बांधायचा घाट आहे. ते टाळायचं तर वारसा यादीत नाव लागलं पाहिजे. त्यासाठी पाहणी समितीला दोन गोष्टी पटवायच्या: इमारत सावरते आहे, आणि लोकांचा तिच्यावर जीव आहे. इमारतीचं मिस्त्री बघतील. लोकांच्या आठवणी मी गोळा करायच्या. असं काम मला कुणी फुकट दिलं असतं तरी केलं असतं!

राहायची सोय थिएटरच्या मागच्या गल्लीत, मावशींकडे. नात्याच्या नव्हेत, पण दारातच त्यांनी मला अगं-तुगं केलं आणि मीही मावशी म्हणून मोकळी झाले. त्यांचे यजमान या थिएटरात ऑपरेटर होते, वरच्या केबिनमध्ये प्रोजेक्टर चालवायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. पण "आमचे हे" असे, "आमच्या ह्यांना" तसं, इतकं ऐकलं की जेवताना मला वाटत राहिलं, आत्ता हात पुसत बाहेर येतील आणि माझी खुर्ची मागतील.

१० जानेवारी

पहिलं रेकॉर्डिंग झालं आणि काय झालं! माझी पद्धत इथे जशी लागू पडली तशी कुठेच पडली नव्हती.

पद्धत साधी आहे. माणसाला त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर बसवायचं. दिवे बंद करायचे. प्रोजेक्टर चालू ठेवायचा, पण रीळ न लावता, नुसता उजेडाचा झोत पडद्यावर. मी मागच्या रांगेत, नजरेआड. मग माणूस माझ्याशी बोलत नाही, थिएटरशी बोलतो. आणि दुसरा नियम: एकदाच सांगायचं. दुसऱ्यांदा सांगितलेली आठवण शिळी होते, माणूस तिला मीठमसाला लावायला लागतो. म्हणून मी कुणाला पुन्हा सांगायला लावत नाही, नंतर तो विषयही काढत नाही. सगळी रेकॉर्डिंग पुरी होईपर्यंत एकही ऐकत नाही. ऐकलेलं डायरीत उतरवतही नाही, नाहीतर माझे शब्द त्यांच्या शब्दांत मिसळतात. या बाबतीत मी फार शिष्ट आहे असं दादा म्हणतो. असेन. पण माझ्या आठवणी ताज्या असतात.

पहिला मान बॅटरीकाकांचा. लोकांना अंधारात बॅटरी दाखवून जागेवर नेऊन बसवायचं, हेच काम त्यांनी जन्मभर केलं. खुर्चीवर बसताना कुरकुरले, की इथे आयुष्यात कधी बसलो नाही, मी उभा राहणारा माणूस. मग जे सुरू झाले! हसले, रडले, शेवटी नाक शिंकरून म्हणाले की हलकं वाटलं. घरी जाताना मला हात करत गेले.

१९ जानेवारी

रोज एक-दोन माणसं येतात. तिकीट खिडकीवरची बाई येऊन गेली, पोस्टर रंगवणारे भाऊ, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या बाई तर इथे शाळा चुकवून येणाऱ्या मुलांना पकडायला यायच्या आणि अख्खा सिनेमा बघून जायच्या. (बघा, लिहून बसले! नियम मोडला. पण एवढंच.)

मिस्त्री भलतेच खुशीत आहेत. छताच्या डाव्या अंगाची ओल हटली, वर्ख चकाकतोय. अध्यक्षबाईंनी पाठ थोपटली तेव्हा ते हाताला चुना लागलेला असतानाही चक्क लाजले. एक गंमत आहे. इथल्या खुर्च्या स्प्रिंगच्या, उठलं की बैठक आपोआप वर जाते. पण ज्यांच्यावर बसून लोक बोलले त्या खाली राहतात. ढकलून वर केल्या तरी थोड्या वेळाने पुन्हा खाली. मी मिस्त्रींना म्हटलं, तेल घाला जरा.

२८ जानेवारी

मावशींनी भंडावून सोडलं आहे. माझी पाळी कधी, माझी पाळी कधी! सांगितलं, तुमची आठवण म्हणजे माझा शेवटचा घास, सगळ्यात चांगला तो मागे ठेवलाय. त्यावर लटक्या रागाने म्हणाल्या, तोवर मी मेले तर तुझा घास राहील ताटात. संध्याकाळी ह्यांचे शर्ट उन्हात घातलेले घड्या करून ठेवत होत्या. वर्षातून दोनदा घालतात म्हणे, वास जाऊ नये म्हणून. मग माझ्याकडे बघून हसल्या की उन्हात घातल्यावर वास राहतो कसा, असं विचारू नकोस, मलाही कळत नाही. मला अगदी भरून आलं.

मिस्त्री आज बोलावून वर घेऊन गेले. छताकडे बोट दाखवून म्हणाले, तो तुकडा मी केलेला नाही. मला वाटलं थट्टा चाललीय. पण माणसाचा चेहरा उतरला होता. म्हणाले, मी सकाळी येतो तर काल नव्हती ती वेल पूर्ण असते, आणि काम माझ्यापेक्षा चांगलं असतं. मी त्यांना म्हटलं, तुमचेच हात, तुम्हीच विसरलात. तसेच पायऱ्या उतरून गेले, चहाही घेतला नाही.

३ फेब्रुवारी

अध्यक्षबाईंना समितीकडे नमुना पाठवायचा होता, म्हणून नाइलाजाने नियम मोडला आणि बॅटरीकाकांचं रेकॉर्डिंग लावलं.

काकांचा आवाज नाही. मशीन बिघडलेलं म्हणावं, तर आवाज आहे. भरलेल्या थिएटरचा. खुर्च्यांची खडखड, कुणी खोकतंय, कुणी कुणाला सरका म्हणतंय, मग एकदम शेकडो माणसं हसतात. दुसरं लावलं. तेच. मुख्याध्यापिकांचं लावलं, तर तेच, फक्त माणसं जास्त.

काकांकडे धावले. पाया पडते पण पुन्हा एकदा सांगा, म्हटलं. काय सांगू, म्हणाले. मी आठवण करून दिली: ती ताटातूट झालेली लहान मुलगी, तुम्ही इंटरव्हलपर्यंत तिला खांद्यावर घेऊन फिरलात, मोठी झाल्यावर तिने तुम्हाला लग्नाला बोलावलं. काकांनी मान हलवली. छान आहे, म्हणाले, पण ते दुसरं कुणीतरी असेल. त्यांच्या सुनेने मला बाहेर घेतलं. ही गोष्ट ते दर रविवारी सांगायचे म्हणे, मुलं पळून जायची इतकी पाठ झालेली. त्या दिवसापासून एकदाही नाही. तिला वाटलं, वय झालं.

मलाही वाटावं असं फार वाटतं आहे.

६ फेब्रुवारी

वय नाही. सगळ्यांकडे जाऊन आले. पोस्टरवाले भाऊ अजून चाळिशीत आहेत, त्यांना वडिलांबरोबर पहिल्यांदा ब्रश हातात घेतल्याचं आठवत नाही. मुख्याध्यापिका हसतमुखाने म्हणाल्या, सिनेमाची आवड मला कधीच नव्हती. आणि कुणालाही काही गेल्याचं कळत नाही. म्हणूनच तर मलाही कळलं नाही! पुन्हा विचारायचं नाही, विषय काढायचा नाही, ऐकायचं नाही. माझा नियम. त्याच्याइतकं सोयीचं त्याला काहीच नसेल. त्याला म्हणजे कुणाला, ते लिहायला हात धजत नाही.

छतावर बघितलं. जितक्या खुर्च्या खाली आहेत तितक्या वेली पुऱ्या झाल्या आहेत.

मिस्त्री गाव सोडून गेले. हत्यारंसुद्धा नेली नाहीत.

९ फेब्रुवारी

तीन दिवस कुणाला बोलावलं नाही. छतावरही नवी वेल उमटली नाही. बाल्कनीवरचा एक कोपरा तसाच फुटका आहे, आतल्या काड्या दिसतात. सहा दिवसांनी समिती येणार आणि अध्यक्षबाई हवालदिल झाल्या आहेत. सगळं सांगावं म्हणून त्यांच्यापुढे बसले. तोंड उघडायच्या आत त्याच बोलायला लागल्या. म्हणाल्या, हे पाडलं ना, तर या गावात कधी काही झालं होतं याची खूणच उरणार नाही. माझा जन्म गेला याच्यापायी, माझ्या हयातीत मला हे उभं बघू दे. आणि ही कडक बाई रुमालात तोंड खुपसून रडली.

मी काहीच सांगितलं नाही. म्हटलं, कोपरा होईल पुरा.

११ फेब्रुवारी

केलं मी ते.

दुपारी मावशींना म्हटलं, चला, तुमची पाळी. किती आनंद झाला त्यांना! ठेवणीतलं लुगडं काढलं, आरशापुढे दोनदा उभ्या राहिल्या. वाटेत माझा दंड धरून चालत होत्या. तेव्हा म्हणता आलं असतं की डोकं दुखतंय, घरी जाऊ. जिन्यात म्हणता आलं असतं. दिवे बंद करताना म्हणता आलं असतं. मी मनाशी घोकत होते की कदाचित त्यांचं नाही जाणार, इतकं घट्ट धरलेलं कुणाचं कसं जाईल. खोटं. मला माहीत होतं. कोपऱ्याला मोठी आठवण लागणार हे मला माहीत होतं, आणि त्यांच्याएवढी मोठी या गावात कुणाचीच नव्हती.

त्या बाल्कनीत खांबाशेजारी बसल्या आणि ह्यांची पहिल्यांदा भेट कशी झाली ते सांगितलं. इतकं सुंदर मी आजवर काही ऐकलं नाही. मागे अंधारात बसून मी रडत होते आणि थांबा म्हणत नव्हते.

परत येताना म्हणाल्या, हलकं वाटतंय गं.

१२ फेब्रुवारी

सकाळी मावशींनी भिंतीवरचा फोटो उतरवून पुसला आणि मला दाखवून विचारलं, हे गृहस्थ कोण? तुझ्या आधीच्या भाडेकरूचा राहून गेला असेल का?

नुसती पहिली भेट नाही. तिच्यामागून सगळं ओघळून गेलं. सगळा माणूस.

चहा टाकताना त्या गुणगुणत होत्या.

१५ फेब्रुवारी

समिती आली. मान वर करून बघतच राहिली. बाल्कनीवरचा कोपरा सगळ्यात देखणा झाला आहे. थिएटर वाचलं. टाळ्या झाल्या, अध्यक्षबाईंनी मला सर्वांसमोर मिठी मारली, माझ्याशिवाय हे शक्य नव्हतं म्हणाल्या. प्रत्येक टाळी माझ्या थोबाडीत बसत होती.

आता त्यांनी जाहीर केलं आहे की २२ तारखेला दारं उघडायची. अख्ख्या गावाने यायचं, आपापल्या खुर्चीवर बसायचं आणि आपली आठवण सांगायची. माझ्याच पद्धतीने.

१८ फेब्रुवारी

मावशींनी कपाट उघडलं आणि किंचाळल्या. धावत गेले तर कपाटाकडे बोट दाखवत उभ्या. पुरुषाचे शर्ट आहेत, म्हणाल्या. ताजे, घडी केलेले. दाढीचं सामान आहे, चपला आहेत. त्यांनी माझा हात गच्च धरला आणि दबक्या आवाजात विचारलं, या घरात माझ्या नकळत कुणी पुरुष राहतो का?

आता सगळ्या दारांना कड्या घालून बसतात. पलंगाच्या एकाच कडेला झोपतात, आणि दुसरी बाजू रिकामी का ठेवते ते कळत नाही म्हणून स्वतःलाच घाबरतात. त्याच माणसाला घाबरतात. मी केलं हे. मी.

२० फेब्रुवारी

मावशी आज समोर येऊन बसल्या. म्हणाल्या, तुला काहीतरी ठाऊक आहे, तुझ्या तोंडावर दिसतंय. माझं काय हरवलंय ते मला सांग.

मला ठाऊक आहे. शब्दन् शब्द ठाऊक आहे. आता जगात फक्त मलाच ठाऊक आहे. पण ते सांगायचं म्हणजे आधी माझी करणी सांगायची. उद्या सांगते म्हटलं.

भित्री! नुसती भित्री!

२१ फेब्रुवारी, दुपार

थिएटरकडूनच परत मागायचं ठरवलं. परत मिळालं तर मावशींना काही सांगायलाच नको, असा हिशेब. अजूनही माझीच कातडी वाचवणं चाललं होतं.

भर दुपारी गेले. आत अंधार. झोत चालू होता — मी चालू केला नव्हता. सगळ्या खुर्च्या वर, आणि ज्या खाली त्या खाली. मी बाल्कनीत त्यांच्या खुर्चीवर बसले. पडद्याकडे बघून ओरडले. हे तुझं नाही, म्हटलं. त्यांचं आहे. हे असं झालं होतं, त्या इथे बसल्या होत्या, तो तिथून, मग जिन्यात — सगळं सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एक शब्द गाळला नाही. दे परत, दे, म्हणून रडले.

ते ऐकत होतं.

शेवटचा शब्द संपल्यावर एकदम हलकं वाटलं.

तेव्हा कळलं मी काय केलं ते. दिवे बंद, झोत चालू, खुर्ची. उठले तर बैठक वर गेली नाही.

२१ फेब्रुवारी, नंतर

मावशींना सगळं सांगितलं — माझी करणी. सगळी. रागावल्या नाहीत. रागवा ना, म्हटलं. म्हणाल्या, काय गेलं तेच कळत नाही तर राग कशाचा धरू. तू सांग, मी ऐकते.

तोंडाने सांगायला गेले की सुटतं. ओठांवर येतं आणि — म्हणून लिहिते. मावशी चष्मा लावून समोर बसल्या आहेत. वाक्य झालं की फिरवून दाखवते. लवकर. काकांचं सकाळपर्यंत टिकलं होतं का? माझं तेवढंही —

अध्यक्षबाईंना फोन केला, उद्या दारं उघडू नका. तुम्ही दमलात म्हणाल्या. दोनदा केला. आता उचलत नाहीत.

मावशी बहिणीबरोबर यायच्या. रविवारी. खांबाशेजारी बसायच्या.

सिनेमा सुरू व्हायच्या आधी झोतात हाताची सावली पडायची. पडद्याच्या कोपऱ्यात. पाच बोटं. लोक शिट्ट्या मारायचे. पण ती फक्त त्यांच्या —

एकदा मावशींनी हात वर केला. झोतात. पडद्यावर दोन सावल्या, आणि —

बहिणीने चिमटा काढला. की आईने? बहीण. बहीणच.

मग इंटरव्हलला तो जिन्यात आला. हात तेलाने काळे. मावशींनी रुमाल दिला. त्याने घेतला नाही, घाण होईल म्हणून — नाही. घेतला. घेतला आणि —

मावशी वाचताहेत. हसू येतंय त्यांना. किती दिवसांनी. म्हणतात, गोड आहे गं गोष्ट. कुणाची?

तुमची. तुमची, मावशी. तुमचे हे.

डोळे भरलेत त्यांचे. कड्या काढायला सांगताहेत दाराच्या. म्हणतात, मग? मग काय म्हणाला तो?

ते महत्त्वाचं होतं. त्यावरच सगळं — त्याच शब्दांवर त्यांनी लग्न —

दुपारी ओरडून सांगितलं मी ते. माझ्याच तोंडाने.

जिना. काळे हात. कुणाचे —

मावशी थांबल्या आहेत. घाई नको म्हणतात. माझ्या गुडघ्यावर हात ठेवलाय.

तो म्हणाला

तो रुमाल घेऊन म्हणाला, की तुम्ही —